पस्तीस किलोची शेजारीण

सकाळी चहा झाला की शेजारची मावशी अंगणात यायची. "आ आ आ" केलं की तिच्या सातही कोंबड्या कुंपणाखालून पळत यायच्या. तिच्या हातात जर्मनची ताटली आणि ताटलीत तांदूळ. कणी नाही, कोंडा नाही, अख्खा तांदूळ, कंट्रोलचा, म्हणजे रेशनचा. मूठ भरून ती तो मातीत फेकायची आणि कंबरेवर हात ठेवून बघत उभी राहायची. मी माझ्या दारात भांडी घासत असायचे. तेवढा वेळ माझा हात थांबायचा.

माझं गाव गडचिरोलीच्या पलीकडे, दोन एसट्या बदलून. आमच्याकडे तांदूळ कोणी विकत आणत नाही. धान बांधीतून, म्हणजे भाताच्या खाचरातून येतो, बांबूच्या ढोलीत भरतो, लागेल तसा कांडून आणतो. ज्याच्याकडे जमीन नाही तो दुसऱ्याच्या बांधीत रोवणी-कापणी करतो आणि मजुरी धानातच घेतो. भात कमी पडला तर पेज, पण तांदळाचीच. लग्नानंतर पोरीच्या बाबांना सिमेंट कारखान्यात पोती चढवायचं काम लागलं आणि आम्ही कोरपन्याजवळच्या या गावात आलो. इथे काळी माती. पऱ्हाटी म्हणजे कापूस, सोयाबीन, तूर. लोक ज्वारीची भाकर खातात, पोळी खातात, आणि भात खातात तो किराणा दुकानातून आणून. पहिल्यांदा दुकानात "एक किलो तांदूळ द्या" म्हटलं तेव्हा मी आधी मागे वळून बघितलं होतं, आमच्याकडचं कोणी ऐकत तर नाही ना.

मावशी एकटी होती. नवरा कधीचाच वारलेला. मुलगा चंद्रपूरला कायम नोकरीवर, बायको-पोरांसकट तिकडेच. तिचं कार्ड पिवळं होतं, अंत्योदयाचं. त्या कार्डाची गंमत अशी की धान्य माणसांवर मिळत नाही, कार्डावर मिळतं. घरात दहा जण असले तरी पस्तीस किलो आणि एकटी बाई असली तरी पस्तीस किलो. मी तिला तोंडावर मावशी म्हणायचे. मनात म्हणायचे, पस्तीस किलोवाली.

आणि तिच्याइतकं माझ्यासाठी इथे कोणी केलेलं नाही. हे भाड्याचं घर तिनंच बघून दिलं, आम्ही उतरलो त्या दिवशी चूलही तिनंच मांडून दिली. धाकटीला अंगणवाडीत तिनं नेऊन बसवलं. मला कापूस वेचायला कोणत्या शेतात जायचं, कोणाच्या शेतात जायचं नाही, तिनंच सांगितलं. मी आठवीतून शाळा सोडलेली, तेव्हा आई आजारी होती आणि घरात लहान भाऊ होता. परक्या गावात परक्या माणसाशी बोलायचं म्हटलं की मी दारातूनच परत फिरायचे. ग्रामपंचायतीत, दवाखान्यात, सगळीकडे मी मावशीच्या मागे उभी राहून काम करून घेतलं आहे. हे मी विसरले नव्हते. विसरले असते तर बरं झालं असतं, जळणं सोपं गेलं असतं.

दर महिन्याला धान्य आलं की ती दारातून हाक मारायची, "अवं, येतं का? मायानं उचलत नाई." मी जायचे. तिचं पोतं मी डोक्यावर घ्यायचे आणि कंट्रोलच्या दुकानापासून तिच्या घरापर्यंत आणायचे.

"तुयं डोकसं मजबूत हाये वं," ती मागून म्हणायची.

मी मान हलवू शकत नव्हते, म्हणून बोलत नव्हते. पोत्याचं वजन मानेत उतरायचं आणि मला वाटायचं, हे आपल्या घरात उतरवलं तर दोन्ही पोरी किती दिवस भात खातील.

आमची चौघांची नावं होती सासऱ्यांच्या कार्डावर, तिकडे गावाला. माणशी पाच किलो. सासरे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात अंगठा लावून सगळंच उचलायचे आणि मोठ्या जाऊबाई ते शिजवायच्या. टीव्हीवर सांगायचे की कुठल्याही गावात धान्य घेता येतं. येत असेल. पण कार्ड एक आणि ते तिकडेच रिकामं झालेलं. एकदा मी जाऊबाईंना फोन केला.

"बाई, आमच्या चौघायचं राशन बाजूले ठेवता का? दिवाळीले आली का घेऊन जाईन."

"ठेवतो ना वं," त्या म्हणाल्या. "पण बुढ्याले लागते, पाव्हणे येते. आन् तू त सिमिटाचा पगार खाऊन राह्यली. तुले काय कमी?"

फोनमध्ये कुकरची शिट्टी ऐकू आली. मला वाटलं, हा माझाच तांदूळ शिजतोय. पोरीचे बाबा म्हणाले, वेडी आहेस. असेन. पण दोन दिवस मला ती शिट्टी ऐकू येत होती.

शेवटी आम्ही ठरवलं, आपलं वेगळं कार्ड काढायचं. इथे काढायचं तर तिकडचं नाव कमी केल्याचा दाखला लागतो. पोरीचे बाबा दोन खाडे करून गावी गेले. सासऱ्यांनी सही दिली. जाऊबाईंनी चहा दिला, पण बिनसाखरेचा. "साखर संपली," म्हणाल्या. दाखला घेऊन ते आले तेव्हा मी तो कागद तीनदा वाचला आणि पॉलिथिनमध्ये घालून गादीखाली ठेवला. उठून परत काढून बघितला.

मग सेतू केंद्राच्या फेऱ्या. उत्पन्नाचा दाखला, आधार, पासबुक आणि घरमालकाचं संमतीपत्र. घरमालक राहायचा चंद्रपूरला. कागदावर सही दिली की भाडेकरू घर बळकावतात, असं त्याला कोणीतरी सांगितलेलं. तो फोनच उचलेना. मावशीनं तिच्या फोनवरून लावला.

"काऊन बा, मोठा झाला का तू? लहानपणी माया अंगणात नंगा फिरे," इथून तिनं सुरुवात केली. "एका कागदानं तुयं घर पळून जाते का? घर हाये का कोंबडी हाये?"

दोन दिवसांत सही आली. मी मावशीच्या पाया पडले. "सरक, सरक," म्हणाली ती, "अजून कार्ड कुठी आलं?"

कार्ड आलं. केशरी. पहिल्या पानावर कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव. आता बाईचंच लिहितात. माझं नाव शाळेच्या दाखल्यानंतर पहिल्यांदा कुठे एवढ्या ठळक अक्षरात आलं होतं. आम्ही त्याला कुंकू लावलं. थोरलीनं त्याचा वास घेतला. मी दोन धुतलेल्या पिशव्या घेतल्या आणि कंट्रोलच्या दुकानात जाऊन रांगेत उभी राहिले.

दुकानदार भाऊंनी मशीनवर नंबर टाकला. परत टाकला. मग कार्ड माझ्या हातात ठेवलं.

"कार्ड भेटलं, बाई. धान्य नाई."

"काऊन?"

"हे नुसतं कार्ड हाये. धान्याच्या यादीत नाव लागाले पायजे. यादीचा इष्टांक फुल्ल हाये."

इष्टांक म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. तालुक्याला वरून आकडा ठरवून दिलेला असतो, एवढ्याच माणसांना धान्य. आकडा भरला की दार बंद. तुम्ही कितीही गरीब असा.

"मंग कधी लागन, भाऊ?"

"जागा झाली का."

"जागा कशी होते?"

ते माप पुसत होते. "कोणी मरन. कोणाची पोरगी सासरी जाईन. कोणाले नोकरी लागन. चार नावं निघाले का तुमचे चार घुसते. तुमचा नंबर पह्यलाच हाये." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तिकडचे नावं काऊन कापले तुम्ही? अगोदर इथी जागा पाह्याची ना."

आम्हाला वाटलं, कार्ड म्हणजे धान्य. आमच्याकडे कार्ड असलेल्या प्रत्येकाला धान्य मिळताना बघितलेलं. हात रिकामा असला की कोणी काही देतं, अशा हिशोबानं आम्ही तिकडचा हात सोडला. आता तिकडे जाऊबाईंचे वीस किलो गेले आणि इकडे माझे आले नाहीत. त्यांनी फोनवर विचारलं, "भेटलं का मंग तुले?" मी म्हटलं, "भेटलं. मोप भेटलं."

घरी आले. मावशीनं पिशव्या रिकाम्या बघितल्या. संध्याकाळी स्टीलचा मोठा डबा भरून तांदूळ घेऊन आली.

"घे. मले पुरून उरते."

मी घेतला. त्यानंतर दर महिन्याला ती तो डबा आणायची. मी दर महिन्याला घ्यायचे आणि "तुम्ही हाये म्हणून, मावशी," असं म्हणायचे. ते खरंच होतं. पण डबा रिकामा करताना माझ्या मनात यायचं, हिला पुरून उरतं. उरतं म्हणजे काय? आपल्याला जे पुरतच नाही ते हिला उरतं. कोंबड्यांना घालून उरतं, मला देऊन उरतं, आणि फेरीवाला आला की तांदूळ देऊन प्लास्टिकची बादली घेते. मला तिच्या बादलीचासुद्धा राग यायचा. लाल रंगाची होती.

त्या महिन्यांत मला एक घाणेरडी सवय लागली. गावात कोणी आजारी पडलं की मी विचारायचे, घरात किती माणसं? कोणाचं लग्न ठरलं की मनात एक जागा मोकळी व्हायची. पलीकडच्या गल्लीतले एक म्हातारे वारले. मावशीबरोबर मी मौतीला गेले. बायांमध्ये बसले, पदर डोळ्यांना लावला, खरंच थोडं रडूही आलं. येताना दुकान लागलं. मावशी पुढे गेली तशी मी मागे राहिले.

"भाऊ, त्या आजोबाचं नाव कोणत्या यादीत होतं?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, राख त गार होऊ द्या."

मी घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं. मौतीहून आलं की घेतातच, पण मी दोनदा घेतलं. म्हाताऱ्यांचं नाव पांढऱ्या कार्डावर निघालं, ज्यावर धान्यच मिळत नाही. माझं तेवढंही जमलं नाही.

मग एक दिवस ग्रामपंचायतीच्या व्हॉट्सॲपवर आलं की समाजमंदिरात चावडीवाचन आहे. यादी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायची, कोणाचं नाव चुकीचं असेल तर लोकांनी तिथंच सांगायचं. मी तो मेसेज चार वेळा वाचला. "अपात्र लाभार्थी" हे दोन शब्द मला चांगले कळले. जिचा मुलगा पगारदार आहे ती बाई निराधार कशी? हे मी भांडी घासताना म्हणून बघितलं, कापूस वेचताना म्हणून बघितलं. म्हणताना माझा आवाज चांगला यायचा.

समाजमंदिरात मावशीनं माझ्यासाठी सतरंजीवर जागा धरून ठेवली होती, पंख्याखाली. "ये, इथी बस," म्हणाली. मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले.

तलाठी साहेब पिवळ्या कार्डांपासून वाचत होते. नावं येत होती, लोक मध्येच बोलत होते.

"साहेब, हा त मरून दोन वर्षं झाले!"

"मंग अंगठा कोण लावते? भूत?"

"भूत नाई, सून लावते!"

सगळे हसले. मावशीही तोंडाला पदर लावून हसली. साहेबांनी पेनानं खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. ते मावशीचं होतं.

मी उभी राहिले.

"आक्षेप हाये," मी म्हटलं. शब्द मेसेजमधला होता.

"कोणावर?"

मला नाव घेता येईना. मी बोट दाखवलं, खाली, माझ्या शेजारी. "यायचा पोरगा नोकरीवर हाये. चंद्रपुरात. पगार हाये त्याले. घर पक्कं हाये. एकट्या हाये तरी पस्तीस किलो."

"पुरावा काय?" मागून कोणी तरी विचारलं.

पुराव्याचा मी विचारच केला नव्हता. तोंडातून निघालं, "कोंबड्यायले तांदूळ टाकते थे. अख्खा."

पुन्हा हसू झालं, पण या वेळचं वेगळं. एक बाई म्हणाली, "बाहेरून आली आन् आपल्या बुढीवर बोट दाखवते." दुसरी म्हणाली, "खरं त बोलून राह्यली. माये पोट्टे कनकी खाते आन् हिच्या कोंबड्या दाणे टिपते." म्हणजे जळणारी मी एकटीच नव्हते. ते ऐकून मला धीर आला, याची आज लाज वाटते. तेव्हा वाटली नव्हती.

साहेबांनी मावशीला विचारलं, "काय म्हणता, बाई?"

ती उठली नाही. बसल्या बसल्याच म्हणाली, "लिहा, साहेब. खोटं नाई सांगून राह्यली थे."

मग बाकीची सगळी यादी संपेपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो, गुडघ्याला गुडघा. मी माझा गुडघा काढून घ्यायला हवा होता. पण काढला असता तर तिला ते कळलं असतं.

घरी पोरीचे बाबा म्हणाले, "काय केलं तू?" मी म्हटलं, "खरं सांगितलं." ते म्हणाले, "तिनं आपल्याले घर मिळवून देल्लं." मी म्हटलं, "थेही खरं हाये." मग ते जेवले आणि ताट स्वतः धुवायला घेऊन गेले. कधी नेत नाहीत.

त्या महिन्यात डबा आला नाही. मला माहीत होतं येणार नाही. तरी धान्य वाटलं त्या संध्याकाळी मी दार लोटून घेतलं नाही, उघडं ठेवलं. मावशी अंगणातून दोनदा गेली. एकदा थोरलीला "अभ्यास झाला का?" म्हणाली. मला काही म्हणाली नाही. पोतंही तिनं दुसऱ्या कोणाकडून आणून घेतलं होतं. पुढचे महिने आम्ही भाकरी खाल्ल्या. पोरी भाकरीचे तुकडे दुधाशिवाय चावत बसायच्या आणि धाकटी विचारायची, "आजी डबा कधी आणते?"

चौकशी झाली. तलाठी साहेब आणि कोतवाल मावशीच्या घरी येऊन गेले. माझ्याही येऊन गेले. माझ्या घरात बघण्यासारखं काय आहे? दोन ट्रंका आणि एक गादी. ते लिहीत होते तेव्हा मला वाटत होतं, आपल्यातही काहीतरी चूक निघेल.

मग दुकानदार भाऊंनी स्वतः निरोप पाठवला. मी पळत गेले. पिशव्या घ्यायचंसुद्धा सुचलं नाही.

"लागलं, बाई, नाव. पण तिघायचं."

"चौघं हाव ना आम्ही."

त्यांनी कागद काढून सांगितलं. त्या मेलेल्या माणसाचं नाव पिवळ्या यादीतून गेलं, पण त्याचा आम्हाला काही उपयोग नव्हता. पिवळी यादी वेगळी, केशरी वेगळी. केशरीत दोन मुली सासरी गेल्या, एक जण वारला, एकाला सरकारी नोकरी लागली. चार जागा झाल्या.

"मंग?"

"एका जागी बुढी बसली."

"कोणती बुढी?"

"तुमचीच." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "पिवळ्यातून काढलं तिले. पण एकटी विधवा हाये, एकदम बाहेर कशी काढन? केशरीत टाकली. पाच किलो. एक जागा तिनं खाल्ली." मग थोडं थांबून, "तुम्ही आक्षेप नसता घेतला त चारही बसले असते."

दुकानात आणखी दोघंतिघं होते. मी भिंतीवरच्या भावफलकाकडे बघत राहिले. त्यावर सगळीकडे "मोफत" लिहिलेलं होतं.

"तिघायत कोण घेऊ?" त्यांनी विचारलं. "एक मागं ठेवा लागते."

मी म्हटलं, "मायं ठेवा."

हे मी त्यागबिग म्हणून केलं नाही. पोरींचं काढणार कसं? आणि पोरीच्या बाबांचं काढलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. अशी मी कार्डावर कुटुंबप्रमुख राहिले आणि खाणाऱ्यांत नव्हते.

पहिलं धान्य आणायला गेले त्या दिवशी मावशी रांगेत माझ्या पुढे होती. हातात कापडी पिशवी, भाजीची असते तेवढी. तिचा अंगठा मशीनवर लागला, पावती निघाली, भाऊंनी तिला पाच किलो मोजून दिलं. ती वळली. आमची नजर भिडली.

"तुयं किती?" तिनं विचारलं. चावडीवाचनानंतरचं तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

"पंधरा."

"आन् माणसं चार."

"चार."

ती पिशवी हलकेच वर-खाली करत म्हणाली, "तुयं नाव लागन वं. मी मेली का लागन. माया जागेवर."

रांगेतले हसले. मीही हसायचा प्रयत्न केला. घरी येताना माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते खरं लिहायचं तर, पंधराला चारनं भागत होते. माणशी पावणेचार. तिला पाच. पस्तीस गेले, कोंबड्या तिनं विकून टाकल्या, फेरीवाल्याला ती आता थांबवत नाही, आणि तरी तिचं माझ्यापेक्षा जास्तच. भाताचं पहिलं आधण ठेवलं तेव्हा घर वासानं भरलं. पोरींनी तूप-मिठाशी नुसताच भात खाल्ला आणि अजून मागितला. मी देत होते. मला आनंद झाला होता. त्या आनंदातसुद्धा ती पावणेचार आणि पाचची वजाबाकी चालूच होती.

माझं नाव लागायला जवळजवळ वर्ष गेलं. त्या काळात मी प्रत्येक महिन्याला विचारायचे. भाऊ मान हलवायचे. मावशीला एकदा ताप आला. मी पेज करून नेली, दोन दिवस नेली. ती प्यायली. पेज नेताना माझ्या मनात काय होतं, हे मी स्वतःलाच नीट विचारलं नाही. काळजी होती, एवढं नक्की. एवढंच होतं का ते नक्की नाही. ती बरी झाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, हे मात्र अगदी खरं.

आणि एका महिन्यात मशीनमधून पावती निघाली ती लांब होती. चार नावं. भाऊंनी पावती फाडून माझ्यापुढे धरली. "घ्या, बाई. तुम्ही पण आल्या."

मी त्यांना पेढे देणार होते, तसं कधीचं ठरवलेलं. ऐन वेळी नुसतेच हात जोडले. कोणाची जागा मोकळी झाली ते मी विचारलं नाही. पण रांगेवर नजर गेलीच, नेहमीचं कोण आज दिसत नाही ते बघायला. मला कळलं नाही. कोणी असो, त्या माणसाचे माझ्यावर उपकार आहेत आणि मला त्याचं तोंडही माहीत नाही.

वीस किलोचं पोतं घेऊन बाहेर आले. पायरीवर मावशी बसली होती, तिचं घेऊन झालेलं, पिशवी मांडीवर.

"चारही लागले?"

"लागले, मावशी."

"बरं झालं," ती म्हणाली. मग तिनं पोत्याकडे बघितलं. खालून वर बघितलं आणि वरून परत खाली, शिवणीपर्यंत. ती नजर मला कोणी सांगायची गरज नव्हती. तिचं पोतं डोक्यावरून उतरवताना मी कितीतरी महिने त्याच्याकडे तसंच बघितलं आहे.

मी निघून जायला हवं होतं. मी पोतं पायरीवर टेकवलं, तिच्या शेजारी, तिला नीट दिसेल असं, आणि दम लागला नव्हता तरी दम खात उभी राहिले.